दहावीतून कॉलेजात: सीमाभागातल्या मराठी शाळेच्या मुलांसाठी फोनवरचा मार्गदर्शन गट कसा चालवायचा

२०२० च्या जूनमध्ये मी पुण्यातली खोली सोडून गावी आलो होतो. गाव बेळगावच्या पश्चिमेला, भाजी पिकवणाऱ्या पट्ट्यात. दिवसभर सोप्यात लॅपटॉप घेऊन ऑफिसचं काम करायचं आणि संध्याकाळी कट्ट्यावर बसायचं. शेजारची दहावीतली मुलगी रोज येऊन एकच विचारायची, ‘‘दादा, परीक्षा होणार काय नाही?’’ मार्चच्या २७ तारखेची एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकाची दहावीची परीक्षा, पुढे ढकलली होती, ती अखेर २५ जूनला सुरू झाली. पेपर संपल्यावर तिचा प्रश्न बदलला. ‘‘पुढं काय घेऊ?’’

मी मराठी शाळेतूनच पीयूसी (इकडची अकरावी-बारावी) सायन्सला गेलेला. मला वाटलं, हे तर आपल्याला येतं. सांगायला लागलो तेव्हा कळलं की माझी अर्धी माहिती शिळी आहे आणि उरलेली अर्धी ऐकीव.

त्या एका मुलीपासून आमचा गट सुरू झाला. २०२१ च्या दिवाळीपर्यंत तो चालला, तेव्हा आसपासच्या पाच गावांतली २३ मुलं होती आणि त्यांना फोन करणारे आम्ही नऊजण. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही, उद्घाटनही नाही. चुका मात्र पुष्कळ केल्या. शाळा पुन्हा बंद पडोत न पडोत, तुमच्या गावात असं काही सुरू करायचं असेल तर निदान त्याच चुका पुन्हा करू नका, म्हणून हे लिहितोय.

१. आधी वही घ्या. मुलं मोजा, फोन मोजा.

आमची पहिली चूक म्हणजे व्हॉट्सअॅप ग्रुप काढून त्यात झूमची लिंक टाकली. १४ पैकी पाच मुलं आली. त्यातल्या दोघांचा आवाज येत नव्हता आणि एकाच्या मागे म्हैस ओरडत होती. उरलेली नऊ मुलं आळशी आहेत असं आम्ही दोन आठवडे समजत होतो.

मग मास्क लावून, उंबऱ्याबाहेर उभं राहून घरोघरी विचारलं. एका मुलाच्या घरी फोन होता, पण वडील रात्री भाजीचा टेम्पो घेऊन गोव्याला जायचे आणि फोन त्यांच्याबरोबर जायचा. तो घरी असायचा दुपारी बारा ते चार, आणि तेव्हा वडील झोपलेले. आमचा क्लास संध्याकाळी सहाला. पोरगं येणार कुठून?

वहीत प्रत्येक मुलामागे एवढंच लिहा: फोन कुणाचा, घरी किती ते किती असतो, बटणाचा की टचचा, रेंज कुठे मिळते, त्याच फोनवर अभ्यास करणारी भावंडं किती. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला रेंज कुठे हाच मुख्य प्रश्न. ‘टाकीजवळ’, ‘देवळामागच्या माळावर’ असं उत्तर मिळालं तर तेच लिहा. पावसाळ्यात त्या माळावर पोर उभं राहू शकतं का, हेही विचारा.

बटणाचा फोन असलेल्या मुलांना वगळू नका. पुढे बघितलं तर आमची सगळ्यात टिकलेली मुलं तीच निघाली. साध्या कॉलला डेटा लागत नाही आणि मध्येच रील बघायचा मोह होत नाही.

२. फोन कोण करणार?

गावातली जी मुलं बेळगाव, कोल्हापूर, पुण्याला शिकतात किंवा नोकरी करतात, त्यांना गाठा. लॉकडाऊनमध्ये ती घरीच होती, एरवी सणाला सापडतात. फार हुशार माणूस शोधू नका. मराठी माध्यमातून इंग्रजीत जाताना ज्याने पहिल्या सहामाहीत मार खाल्लाय, तो उत्तम. आमच्यातल्या एकाला फर्स्ट पीयूसीच्या पहिल्या टेस्टला फिजिक्समध्ये २५ पैकी चार मिळाले होते. मुलं त्याचंच सगळ्यात जास्त ऐकायची.

एकाकडे तीनच मुलं द्या. चौथं घेतलं की फोन चुकायला लागतात.

काही नियम पहिल्याच दिवशी पाळायला लागा, नंतर बसवायला अवघड जातं. मुलींना ताईच फोन करणार. पहिला फोन आई-वडिलांना जाणार, ‘मी अमक्याची मुलगी, आठवड्यातून एकदा तुमच्या मुलीशी अभ्यासाबद्दल बोलणार’ असं सांगून. रात्री नऊनंतर फोन नाही. मुलाचा फोटो, गुण, घरची अडचण कुठल्याही ग्रुपवर टाकायची नाही. आणि पैशाचा व्यवहार मार्गदर्शकाने एकट्याने करायचा नाही, दहा रुपयांचाही. रिचार्ज करून द्यायचं असेल तर दोघांच्या माहितीत.

३. शाळेत जाऊन सांगा

हे आम्ही उशिरा केलं. एका शाळेत गुरुजींना वाटलं आम्ही ट्यूशन काढतोय. त्यांचंही चूक नव्हतं. २०२० च्या ऑगस्टमध्ये सरकारचा ‘विद्यागम’ सुरू झाला होता आणि शिक्षक देवळात, समाजमंदिरात मुलांना जमवून शिकवत होते. ऑक्टोबरात ते थांबलं, दहावीचे वर्ग जानेवारीत उघडले. त्या धावपळीत अजून एक गट कुणाला हवा होता?

हेडमास्तरांना एकच वाक्य सांगा: आम्ही धडे शिकवणार नाही, पुढच्या प्रवेशाचं आणि भाषेचं बघणार. ते बरोबर असले की कागदांचं निम्मं काम सोपं होतं, कारण निम्म्या कागदांवर सही त्यांचीच लागते.

४. आठवड्याचा फोन

वार आणि वेळ ठरवा, आणि मोडू नका. एका मुलाची आई मला म्हणाली, ‘‘तुमचा फोन येतोय म्हणून बुधवारी तो सकाळपासनं वही घेऊन बसतोय.’’ त्या आठवड्यात माझी ऑफिसची मीटिंग लांबली होती आणि मी फोन केलाच नव्हता. पुढच्या बुधवारी त्याने फोन उचलला, पण वही काढलेली नव्हती. ती पुन्हा निघायला महिना गेला.

वीस मिनिटं पुरतात. पहिली पाच घरचं, शेतातलं, कोण आजारी आहे ते. २०२१ च्या मे महिन्यात तर काही फोन एवढ्यावरच संपले, कारण घरातच कुणी ना कुणी पडलेलं. तेव्हा अभ्यास काढू नका. मधली दहा मिनिटं एकच गोष्ट: मुलाने तुम्हाला काहीतरी समजावून सांगायचं. तुम्ही नाही सांगायचं. शेवटची पाच पुढच्या आठवड्याचं काम, तेही इतकं लहान की ते होईलच.

‘‘अभ्यास कसा चाललाय?’’ असं विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: ‘‘चाललाय की.’’ त्यापेक्षा ‘‘काल कुठलं पान काढलंस?’’ विचारा.

५. शब्दांची वही: खरं काम हे

आपल्याकडची मुलं दहावीपर्यंत गणित-विज्ञान मराठीत शिकतात आणि पीयूसीच्या पहिल्या दिवशी फळ्यावर सगळं इंग्रजी येतं. सर इंग्रजीत लिहितात आणि समजावताना कन्नडमध्ये जातात. मुलगा दोन्हीकडून सुटतो. तीन महिन्यांनी घरी सांगतो, ‘‘सायन्स माझ्या डोक्यावरनं जातंय,’’ आणि घरचे म्हणतात, झेपत नसेल तर सोड. पण न झेपलेलं सायन्स नसतंच बऱ्याचदा.

एकदा फोनवर एका मुलाकडून पायथागोरसचा सिद्धांत म्हणून घेतला. घडाघडा म्हटला. मग मी म्हटलं, ‘‘आता तीन आणि चार बाजू आहेत, हायपोटेन्यूज काढ.’’ पलीकडे शांतता. ‘‘दादा, हा धडा आम्हाला नव्हता.’’

‘‘अरे कर्ण, कर्ण.’’

‘‘मग कर्ण म्हणा की! पाच.’’

तेव्हापासून आम्ही सगळं बाजूला ठेवून ही वही सुरू केली. दहावी चालू असतानाच सुरू करा, निकालाची वाट बघू नका. पद्धत अशी:

दोनशे पानी वही आडवी धरून चार रकाने आखा. पहिल्यात मराठी शब्द, दुसऱ्यात इंग्रजी शब्दाचा उच्चार देवनागरीत, तिसऱ्यात इंग्रजी स्पेलिंग, चौथ्यात चित्र किंवा स्वतःचं उदाहरण. घर्षण, फ्रिक्शन, पुढे स्पेलिंग, आणि चौथ्यात एका मुलीने काढलं होतं पाटा-वरवंटा. रोध म्हणजे रेझिस्टन्स, गुणसूत्र म्हणजे क्रोमोसोम, वर्गसमीकरण म्हणजे क्वाड्रॅटिक इक्वेशन. चौथा रकाना मुलाला स्वतःला भरू द्या. तुम्ही भरलात तर तो शब्द तुमचाच राहतो.

आठवड्याला दहा शब्द, जास्त नाही. आमच्या एका उत्साही मार्गदर्शकाने पन्नासची यादी पाठवली. मुलीने ती सुंदर अक्षरात उतरवून काढली, आणि त्यातला एकही शब्द तिला सांगता आला नाही.

शब्द कुठून काढायचे? कर्नाटकाच्या पाठ्यपुस्तक मंडळाची पुस्तकं सगळ्या माध्यमांत फुकट उतरवून घेता येतात. मराठी माध्यमाचं दहावीचं विज्ञान आणि इंग्रजी माध्यमाचं विज्ञान शेजारी उघडा: धडा तोच, आकृतीही तीच. मुलाला आधी आकृतीतली नावं जुळवू द्या. आकृती ओळखीची असली की इंग्रजी नाव अंगावर येत नाही. नंतर आकृतीखालची ओळ, नंतर स्वाध्यायातला एक प्रश्न. पुस्तकातला क्यूआर कोड सरकारच्या ‘दीक्षा’ अॅपवर स्कॅन केला तरी बरंच सापडतं. टचचा फोन नसेल तर शेजारच्या इंग्रजी माध्यमातल्या मुलाचं गेल्या वर्षीचं पुस्तक मागून आणा. आम्ही तशी सहा पुस्तकं जमवली आणि ती गावभर फिरवली.

इथे एक सापळा आहे. यूट्यूबवर दहावीचं मराठीतलं बहुतेक सगळं महाराष्ट्र बोर्डाचं असतं, आणि कोल्हापूरहून कुणी पाहुणा गाईड आणून देतो तेही तिकडचंच. एखादी कल्पना समजून घ्यायला ते चांगलं आहे, पण धड्यांचा क्रम जुळत नाही आणि समाजशास्त्र तर पार वेगळं. एक मुलगा महिनाभर तिकडचा इतिहास पाठ करत बसला होता. व्हिडिओ मराठीत, सर गोड बोलणारे. त्याला शंका यायचं कारणच नव्हतं.

आणि कन्नड. घरात काहीही मत असो, पीयूसीच्या वर्गात, बँकेत, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात कन्नड लागतं, आणि शाळेत तो विषय सक्तीचा आहेच. मुलं पास होण्यापुरतं वाचतात आणि बोलायला लाजतात. आम्ही महिन्यातून एक फोन कन्नडमध्ये केला. आमच्यातल्या निपाणीच्या मैत्रिणीला चांगलं यायचं, तिने ‘बँकेत फोन केलाय असं समज’ म्हणून सुरू केलं. पहिल्या वेळी मुलं नुसती हसली. तिसऱ्या वेळी एकाने तिलाच आधार कार्ड घेऊन यायला सांगितलं.

६. वाटा किती आहेत ते दाखवा

मुलांना दोनच वाटा माहीत असतात, सायन्स आणि ‘जमत नसेल तर’ आर्ट्स. निकालाच्या आधी, महिनाभर तरी, बाकीच्या दाखवा.

पीयूसीमध्ये सायन्स, कॉमर्स, आर्ट्स. सायन्समध्ये चौथा विषय बायॉलॉजी की कॉम्प्युटर, हा निर्णय मुलं मित्राकडे बघून घेतात. डॉक्टरकी, नर्सिंग, शेतकी डोक्यात असेल तर बायॉलॉजी सोडून चालत नाही, एवढं तरी सांगा. भाषा म्हणून मराठी घेता येते, पण प्रत्येक कॉलेजात तो विषय नसतो. अर्ज घ्यायच्या आधी विचारा.

डिप्लोमा दहावीनंतर तीन वर्षांचा. त्यानंतर डीसीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे ऐकल्यावर दोन वडिलांचे चेहरे खुलले. ज्याचे हात चांगले आणि ज्याला लवकर कमवायचंय त्याच्यासाठी आयटीआय वाईट नाही, आणि तसं सांगताना आवाज खाली आणू नका. मुलाला लगेच कळतं.

मग सीमेपलीकडची वाट. निपाणीच्या मुलांना हे अंगवळणी असतं: देवचंद कॉलेज सगळे निपाणीचंच समजतात, पण ते अर्जुननगरात आहे, म्हणजे कागल तालुका, जिल्हा कोल्हापूर. गाव तेच, बोर्ड बदललं. बेळगावच्या पश्चिमेकडच्या काही मुलांना चंदगड तालुका तसाच जवळ. तिकडे अकरावी मराठीत किंवा ओळखीच्या वातावरणात होते हा मोठा फायदा. पण जाण्यापूर्वी दोन्हीकडचे नियम समोर ठेवा:

कर्नाटकाच्या सीईटीसाठी (इंजिनिअरिंग वगैरेची प्रवेश परीक्षा) मुख्य अट अशी की पहिली ते बारावीत निदान सात वर्षं कर्नाटकात शिकलेलं असावं आणि दहावी किंवा बारावी यातली एक परीक्षा इथून पास असावी. म्हणजे दहावी इथे करून अकरावीला पलीकडे गेलात म्हणून हे दार बंद होत नाही. त्यासाठी शाळेचा अभ्यास-दाखला लागतो, तो जपा.

महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग वगैरे प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या उमेदवारांचा वेगळा प्रकार आहे, ‘ई’. त्याला दोन दाखले लागतात: एक सीमाभागातले असल्याचा, दुसरा मातृभाषा मराठी असल्याचा. दोन्हींचे नमुने त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत असतात. मेडिकललाही तिकडे सीमाभागासाठी काही जागा असतात. महाराष्ट्राने दावा सांगितलेली ८६५ गावं आहेत. आपलं गाव त्या यादीत आहे का ते बघा, ‘आपण बेळगावचे म्हणजे असणारच’ असं धरू नका.

आणि ‘नीट’. ती मराठीतूनही देता येते हे ऐकून मुलं हरखतात. पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. शिवाय दोन वर्षं इंग्रजीत शिकून परीक्षा मराठीत द्यायची म्हणजे वही पुन्हा उलटी वाचायची. माझं मत विचाराल तर, इंग्रजीतच द्या.

फॉर्मवरचे दोन रकाने पोरं उगाच भरतात. राज्यघटनेच्या कलम ३७१-जे चा रकाना कल्याण कर्नाटकासाठी आहे. बीदर-भालकीच्या मराठी मुलांना तो लागू, बेळगावच्या नाही. दुसरा कन्नड माध्यमाचा, तो आपला नाही. ग्रामीणचा मात्र आपला असू शकतो, पहिली ते दहावी सगळी वर्षं खेड्यातल्या शाळेत झाली असतील तर. आमच्या एका मुलाने पहिल्या दोघांवर टिक केली आणि हक्काचा तिसरा सोडला.

७. कागद

दहावीच्या वर्षाच्या दिवाळीत सुरू करा. जूनमध्ये सगळं गाव एकदम नाडकचेरीत, म्हणजे दाखले देणाऱ्या महसूल कचेरीत, उभं असतं. घ्यायचं ते हे:

- एसएसएलसीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला, प्रत्येकी पाच झेरॉक्स
- सॅट्स नंबर (विद्यार्थ्याचा सरकारी ओळख क्रमांक; शाळेत मिळतो, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा)
- आधार, आणि आधारला जोडलेला चालू मोबाइल नंबर
- जात-उत्पन्न दाखला नाडकचेरीतून. त्यावरचा आरडी नंबर अर्जात टाकायचा असतो
- पहिलीपासून दहावीपर्यंतचा अभ्यास-दाखला, हेडमास्तर आणि बीईओ दोघांची सही
- ग्रामीणचा दाखला, लागू असेल तर
- मुलाच्या नावचं बँक खातं
- पलीकडे अर्ज करणार असाल तर वरचे सीमाभागाचे दोन दाखले, आणि बोर्ड बदलत असल्यामुळे मायग्रेशनचा दाखला
- फोटो. बारा काढा, दोन हरवतात

सगळ्यात जास्त रडवतं ते नाव. आपली नावं मराठीतून कन्नडमध्ये आणि कन्नडमधून इंग्रजीत जातात, आणि प्रत्येक उडीला एक अक्षर पडतं. आमच्या गटात एक ज्ञानेश्वर होता. शाळेच्या रजिस्टरला त्याचं स्पेलिंग ‘डी-एन-वाय’ने सुरू होत होतं, आधारवर ‘जे-एन’ने, आणि बँकेत तो नुसता ‘ज्ञानू’ होता, इंग्रजीत ‘जी’ने. तीन कागदांवर तीन माणसं. कॉम्प्युटरला हे एकच पोर आहे हे पटवायला सात हेलपाटे झाले. म्हणून पहिल्याच भेटीत सगळे कागद सतरंजीवर शेजारी मांडा आणि नाव, आडनाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख बोट ठेवून अक्षर-अक्षर वाचा. एसएसएलसीच्या गुणपत्रिकेवर छापायचं नाव परीक्षेआधी शाळेत तपासायला मिळतं, ती वेळ चुकवू नका. एकदा ते छापलं की बाकी सगळ्यांनी त्याच्यासारखं व्हायचं असतं.

जातीच्या दाखल्याचंही बघा. कर्नाटकात मराठा मागासवर्गाच्या ३-बी गटात येतो. महाराष्ट्राच्या यादीत ३-बी नावाचा वर्गच नाही. इकडचा दाखला तिकडच्या फॉर्मला लावून बसू नका.

८. परीक्षेचा कागदही एकदा हाताखालून जाऊ द्या

२०२१ च्या एसएसएलसीने हे शिकवलं. सहा विषय दोनच दिवसांत, १९ आणि २२ जुलैला, सगळे पर्यायी प्रश्न, प्रत्येक विषयाला ४० गुण, उत्तरं ओएमआरवर, म्हणजे गोल काळे करायच्या पत्रकावर. मुलांनी असा कागद आयुष्यात बघितला नव्हता. आम्ही बॉलपेनच्या टोपणाने गोल काढून घरी पत्रकं बनवली. पहिल्याच सरावात एका मुलीने सतरावा प्रश्न सोडला आणि अठराव्याचं उत्तर सतराव्याच्या ओळीत भरलं. तिथून पुढे सगळं एक घर सरकलं. ४० पैकी ३१ उत्तरं येत होती, गुण मिळाले १४. दर दहा प्रश्नांनी थांबून नंबर बघायचा, एवढी एक सवय लावली. सीईटीलाही ती उपयोगी पडते.

९. अर्ज भरायचा दिवस

ऑनलाइन अर्जात मोबाइल नंबर स्वतःचा द्या. सायबर कॅफेवाला घाईत स्वतःचा टाकतो, ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि दुसऱ्या फेरीला त्याचं दुकान बंद असतं. हे आमच्या दोन मुलांबाबत घडलं. पासवर्डही त्याच्या डोक्यात नको, तुमच्या वहीत हवा. भरलेल्या अर्जाची प्रिंट घ्या, पैसे भरल्याचा फोटो काढा.

२०२१ ला जवळपास सगळेच पास झाले. त्यामुळे चांगल्या पीयूसी कॉलेजात झुंबड उडाली आणि ‘पहिली यादी बघून ठरवू’ म्हणणारे मागे राहिले. तीन कॉलेजांचे अर्ज एकदम आणा: एक आवडीचं, एक मिळेलच असं, एक एसटी थेट जाते तिथलं. तिसरं सगळे विसरतात.

कोविडमध्ये पलीकडे अर्ज केलेल्यांना येण्याजाण्याचे नियमही आदल्या दिवशी विचारून घ्यावे लागायचे. त्या काळात महाराष्ट्रातून परतताना कोगनोळी नाक्यावर ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर रिपोर्ट दाखवावा लागायचा. एक बापलेक कोल्हापूरला कागद देऊन आले आणि त्यांचा रिपोर्ट चार तासांनी जुना ठरला. रात्र त्यांनी कागलच्या पाहुण्यांकडे काढली.

शिष्यवृत्तीचा अर्ज राज्याच्या एसएसपी पोर्टलवर होतो. प्रवेश झाल्याच्या आनंदात तो राहून जातो. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. इथे बँकेत नेमकं विचारा, ‘‘एनपीसीआय सीडिंग झालंय का?’’ ‘‘आधार जोडलंय का?’’ विचारलंत तर ‘‘हो’’ म्हणतील, आणि पैसे येणार नाहीत. केवायसीला आधार दिलेलं असणं वेगळं आणि सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी जोडणी, वेगळं.

१०. फोन उचलणं बंद झालं तर

दोन आठवडे फोन लागला नाही की तिसऱ्या आठवड्यात घरी जा. मेसेजवर मेसेज टाकत बसू नका.

आमच्या २३ पैकी चार मुलं अशी गप्प झाली. एक मुलगा वीटभट्टीवर हिशेब लिहायला लागला होता. एक मुलगी काजूच्या कारखान्यात फोडायला जात होती. मी गेलो तेव्हा चिकाने काळी पडलेली बोटं तिने पदराआड धरली होती. आई म्हणाली, ‘‘साळा बंद हाय न्हवं? मग घरात बसून काय करणार ती?’’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, शाळा बंदच होती. शिक्षणाचं महत्त्व सांगायला गेलो नाही हे बरं केलं. एवढंच विचारलं की ताईने फोन रात्री साडेआठला केला तर चालेल का. चाललं. ती आठवड्याला पाच शब्द लिहायची, दहाच्या ऐवजी. पुढे कॉमर्सला गेली. वीटभट्टीवरचा मुलगा मात्र आला नाही, आणि मी दोनदा जाऊनही आला नाही.

मुलीच्या लग्नाची बोलणी चालल्याचं कानावर आलं तर स्वतः भांडायला जाऊ नका. आधी शाळेतल्या बाई, अंगणवाडी ताई यांना सांगा. वय १८ पेक्षा कमी असेल आणि तारीख ठरली असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. तिथे नाव न सांगता कळवता येतं. गावात तुम्हाला राहायचं असतं, आणि त्या मुलीलाही.

११. प्रवेशानंतर तीन महिने

बहुतेक गट प्रवेश झाला की पेढे वाटून मोकळे होतात. आम्हीही २०२० च्या मुलांबाबत तेच केलं, आणि त्यातली दोघं पहिल्या टेस्टनंतर कॉलेज सोडायच्या बेतात होती. पुढच्या वर्षी फोन दिवाळीपर्यंत चालू ठेवले.

पहिल्या आठवड्यात बसचा पास. अर्ज राज्याच्या ‘सेवा सिंधू’ पोर्टलवर, कॉलेजची फीपावती जवळ ठेवा. गाडीची वेळ आणि पहिल्या तासाची वेळ जुळते का ते मुलालाच जाऊन बघायला लावा. जुळत नसेल तर प्राचार्यांना अर्ज द्यायचा, तो मराठीत नाही चालणार, तेव्हा इंग्रजी किंवा कन्नडमध्ये त्याच्याकडूनच लिहून घ्या.

दुसऱ्या आठवड्यापासून त्याला शब्दांची वही दप्तरात ठेवायला सांगा. वर्गात कळला नाही तो शब्द मागच्या पानावर, ऐकू आला तसा देवनागरीत. स्पेलिंग नंतर. बुधवारच्या फोनला तुम्ही दोघं मिळून ते पान सोडवायचं. माझ्याकडे अजून एका वहीच्या मागच्या पानाचा फोटो आहे. पहिल्या दिवशी त्यावर ३४ शब्द होते, त्यातला एक ‘अब्सेंटी’. दोघांनी डिक्शनरी धुंडाळली. शेवटी कळलं, सर हजेरी घेत होते.